दिवाळीनंतर लागणारा मासा शिवरात्रीनंतर जातो कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संकेश्वरजवळच्या गावातून तुम्ही हिडकल जलाशयाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्यावर, गळ टाकायला जाता. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या एका बाभळीजवळ तुम्हाला रोहू आणि चिलापी (तिलापिया) हे मासे भरपूर मिळाले. शिवरात्रीनंतर मात्र त्याच बाभळीजवळ, त्याच वेळी आणि त्याच आमिषावर मासा तोंड लावेनासा झाला. तुम्ही कणीक सोडून काडू (गांडूळ) लावले, काडू सोडून पेंड लावली, शेवटी दुकानातले सुवासिक तयार आमिषही वापरून पाहिले. आता कोणते आमिष वापरावे आणि महागडा रॉड व रीळ घेतल्याने फरक पडेल का, असे तुम्ही विचारले आहे.

तीस वर्षांहून अधिक काळ याच भागातल्या पाण्यावर बसत आल्यामुळे मी खात्रीने सांगतो की तुमच्या आमिषात काही दोष नाही. तुमची बाभळ जागेवर आहे, पण तिच्याजवळचे पाणी पूर्वीचे राहिलेले नाही. ज्याला आपण तलाव म्हणतो तो हिडकलचा जलाशय खरे तर घटप्रभा नदीवर बांधलेले शेतीच्या पाण्याचे कोठार आहे. पावसाळ्यात ते भरते आणि पुढचे सात-आठ महिने कालव्यांच्या वाटे रिकामे होत जाते. राजा लखमगौडा धरण या नावाच्या या धरणात पूर्ण भरल्यावर ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते आणि त्याची पूर्ण पातळी २१७५ फूट आहे. सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात मलप्रभा नदीचे पाणी २०७९.५० फुटांपर्यंत चढते. तिथेही हाच प्रकार घडतो. बारमाही स्थिर पाण्याच्या सरोवरासाठी लिहिलेला सल्ला आपल्याकडे चालत नाही, तो याच कारणाने. आपल्या जलाशयाचा काठ दर आठवड्याला सरकत असतो आणि मासा त्याच्याबरोबर सरकतो.

काठ किती सरकतो याचा अंदाज घेऊ. जिथे जमीन वीस फुटांना एक फूट एवढी उतरती आहे, तिथे पातळी एक फूट खाली गेली की पाणी वीस फूट मागे हटते. हुक्केरी तालुक्यातल्या बुडालेल्या शेतजमिनी याहून सपाट आहेत, त्यामुळे तिथे एका फुटाला चाळीस-पन्नास फूट जमीन उघडी पडलेली मी अनेकदा पावलांनी मोजली आहे. दिवाळीच्या सुमारास तुमच्या बाभळीखाली छातीएवढे पाणी असेल, तर शिवरात्रीला तिथे गुडघाभर गढूळ पाणी उरते आणि त्यात दोन किलोचा रोहू दिवसा येत नाही.

दिवाळीला तो का येत होता, हेही समजून घेतले पाहिजे. जलाशय काठोकाठ भरला की काठचे गवत, पडीक शिवारातले तण आणि बांधावरची झुडपे पाण्यात जातात. त्यावरचे किडे पाण्यात पडतात, पाने कुजतात, त्यावर शेवाळाचा थर धरतो आणि लहान जीव वाढतात. माशांना बसल्या जागी एवढे अन्न वर्षात पुन्हा मिळत नाही, म्हणून ते अगदी उथळ काठापर्यंत येतात आणि साध्या कणकेच्या गोळीलाही तोंड लावतात. त्या दोन-तीन महिन्यांच्या यशामुळे आपला समज होतो की जागा चांगली आहे. प्रत्यक्षात जागेला चांगुलपणा पाण्याच्या पातळीमुळे आलेला असतो.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की एक वही करा. आपल्या भागातली मराठी वर्तमानपत्रे जलाशयांची पाणीपातळी फुटांमध्ये छापतात. ज्या दिवशी तुम्ही पाण्यावर जाल त्या दिवशीची पातळी, बसलेली जागा, गळाजवळची खोली आणि मिळालेला मासा एवढ्या चारच गोष्टी लिहा. दोन वर्षांत तुमच्या लक्षात येईल की अमुक जागा ठरावीक सात-आठ फुटांच्या पट्ट्यात पातळी असतानाच मासा देते आणि त्याच्या वर किंवा खाली ती निकामी असते. हिडकलवर तर निसर्गतःच एक खूण मिळाली आहे. हुन्नूरचे पाण्याखाली गेलेले विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात हळूहळू वर येते. शिखर दिसू लागले, मंडप मोकळा झाला, पायथ्यापर्यंत चालत जाता आले, अशा टप्प्यांवर जुनी माणसे आपली बसण्याची जागा बदलत असत. मी स्वतः ही पद्धत त्यांच्याकडूनच शिकलो.

पातळी खाली गेल्यावर मासा जातो कुठे, याचे उत्तर जलाशयाच्या तळाशी आहे. धरण बांधण्यापूर्वी तिथे नदीचे पात्र होते, त्याला मिळणारे ओढे होते, गाडीवाटा होत्या, शेतांचे दगडी बांध आणि विहिरी होत्या. हे सगळे आजही पाण्याखाली आहे, गाळाने थोडे बुजलेले एवढेच. उथळ भाग तापू लागला की मोठे मासे जुन्या ओढ्याच्या खोलगट पट्ट्यात उतरतात आणि सकाळ-संध्याकाळ त्याच पट्ट्याने वर येऊन काठाजवळ चरून परत जातात. ओढा जिथे मुख्य पात्राला मिळतो तो कोपरा आणि दगडी बांध जिथे ओढ्याच्या कडेला येऊन संपतो ती जागा, या दोन जागांसाठी मी बाकी सगळा काठ सोडून देईन.

ती जागा शोधण्याचा उत्तम काळ मे महिना आहे. पाणी सर्वांत खाली असताना गळ घरी ठेवून नुसते चालायला जा. ओढ्याची वळणे, बुंधे, खडकाचे सोंडे वहीत काढून घ्या आणि काठावरची कधीही न बुडणारी एखादी खूण, म्हणजे देवळाचा कळस, विजेचा खांब किंवा मोठा आंबा, त्यांच्याशी जुळवून ठेवा. चालताना भेगाळलेल्या गाळात तुम्हाला थाळीएवढे गोल, उथळ खळगे एकाला एक लागून दिसतील. ती चिलापीच्या नरांनी तोंडाने आणि शेपटीने उकरलेली घरटी आहेत. मादी तिथे अंडी घालते आणि ती तोंडात घेऊन निघून जाते. असे खळगे जिथे दाट आहेत त्या उंचीवर पाणी असताना तिथे चिलापी हमखास मिळते, मग पुढच्या वर्षी ती पातळी वहीत कधी येते एवढेच पाहायचे.

या चालण्यात एक धोका आहे आणि तो मी अनुभवला आहे. वरून वाळलेला, भेगा पडलेला गाळ आतून लोण्यासारखा मऊ असतो. एका उन्हाळ्यात पाण्यापासून पंधरा-वीस पावलांवर माझा एक पाय मांडीपर्यंत आत गेला आणि दुसरा काढायला गेलो तसा तोही रुतला. जवळ लांब काठी होती म्हणून ती आडवी टाकून, तिच्यावर पोट टेकून, मी अर्ध्या तासाने बाहेर आलो. एकट्याने जाऊ नका, हातात काठी ठेवा, आणि जिथे गुरांच्या खुरांचे ठसे नाहीत तिथे पाय टाकू नका.

आता उन्हाचा भाग. पाणी जसजसे तापते तसतसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात एका लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशाच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच. त्याच वेळी उष्णतेमुळे माशाची गरज वाढलेली असते. अगदी खोल तळाशी पाणी थंड असले तरी वारा पडलेल्या दिवसांत तिथे प्राणवायू पोहोचत नाही. त्यामुळे मासा मधल्या खोलीत राहतो आणि अतिशय खोल गळ टाकणाऱ्याला काही लागत नाही. हिडकलच्या फुगवट्यावर मार्च-एप्रिलमध्ये साधारण आठ ते चौदा फुटांच्या दरम्यान मला सर्वाधिक मासा मिळाला आहे. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की लाटा पूर्वेकडच्या काठावर आपटतात. तिथे पाणी ढवळते, प्राणवायू मिसळतो आणि तरंगणारे अन्न गोळा होते. वाऱ्याकडे तोंड करून बसणे त्रासाचे आहे, तरी उन्हाळ्याच्या संध्याकाळी मी तोच काठ धरतो.

गावतळ्याचे गणित याच्या उलट असते. खानापूरकडच्या तांबड्या मातीच्या लहान तळ्यांत किंवा हिरव्यागार शेवाळाने भरलेल्या गावतळ्यात रात्रभर वनस्पती प्राणवायू वापरत असतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडे काढून हवा घेताना दिसतात आणि नवख्याला वाटते की आज मासा फार आहे. असा मासा खात नाही. ऊन पडून शेवाळ कामाला लागल्यावर, म्हणजे आठ-साडेआठनंतर तो खायला लागतो. हिवाळ्यातही काहीसे असेच घडते, कारण थंडीत सकाळचे पाणी गार असते आणि रोहू, मृगळ दहा वाजल्यानंतरच उथळ, उन्हाने कोमट झालेल्या पाण्याकडे येतात. पहाटे उठून बसण्याचा नियम आपण सरसकट पाळतो. माझ्या मते तो उन्हाळ्यातल्या मोठ्या जलाशयालाच लागू आहे.

जागा ठरली की खोली मोजल्याशिवाय आमिष लावू नका. तंगुसावरचे, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीवरचे, तरंगते बूच सरकते ठेवा. गळाच्या टोकाला नेहमीपेक्षा जड शिसे दाबून बसवा आणि जिथे आमिष पडायला हवे तिथेच टाका. बूच बुडाले तर पाणी तुमच्या अंदाजापेक्षा खोल आहे, आडवे पडले तर उथळ आहे. वीत-वीत सरकवत, फक्त बुचाचे टोक पाण्यावर उभे राहील तिथे आणा. मग काठी तशीच धरून दोन हात डावीकडे, दोन हात उजवीकडे, दोन हात पुढे असे टाकून पाहा. कुठेतरी बूच एकदम गडप होईल. ती ओढ्याची कड. आमिष त्या खोलात टाकू नका, कडेच्या वरच्या अंगाला ठेवा, कारण चरायला वर आलेला मासा तिथूनच जातो. या कामाला वीस मिनिटे लागतात आणि बहुतेक जण ती देत नाहीत. तुमच्या अपयशाचे निम्मे कारण मला इथेच दिसते.

आमिषाबद्दल तुम्ही मुख्यतः विचारले आहे, म्हणून तेही सांगतो, पण ते मासा कोणत्या थरात खातो त्यावरून ठरते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, त्यामुळे तळाशी ठेवलेल्या गोळीला तो सहसा येत नाही. रोहू मधल्या थरात आणि तळाजवळ चरतो. मृगळ व सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतात. रोहू-मृगळासाठी शेंगपेंड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावी, सकाळी ती हाताने मोडून निम्मी गव्हाची कणीक आणि मूठभर भाजलेले ज्वारीचे पीठ घालून मळावी. गोळी पाण्यात टाकल्यावर पंधरा मिनिटे टिकून नंतर हळूहळू सुटत गेली पाहिजे. घरी पेल्यातल्या पाण्यात टाकून हे तपासता येते. लगेच विरघळली तर कणीक वाढवा, दगडासारखी राहिली तर पेंड वाढवा. त्याच पेंडीत तिप्पट माती मिसळून संत्र्याएवढे चार-पाच गोळे बसण्याआधी अर्धा तास त्या जागी टाकावेत, आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा टाकू नयेत, नाहीतर मासा तोच चारा खाऊन पोट भरतो. चिलापी आणि शिंगाळ्याला काडू पुरेसे आहे. दुकानातल्या सुवासिक आमिषाने नुकसान होत नाही, पण चुकीच्या जागी टाकलेल्या सुवासाचा उपयोगही नाही.

बूच काय सांगते ते वाचायला शिका. चिलापी टकटक करते. रोहू बुचाला एकदा-दोनदा हलके दाबतो आणि मग तिरके ओढत नेतो. मृगळ आणि सायप्रिनस तळावरून गोळी उचलतात तेव्हा शिशाचा भार निघतो आणि बूच बुडण्याऐवजी वर उठून आडवे पडते. नवखे लोक ते पुन्हा बुडण्याची वाट पाहत बसतात आणि मासा सोडून जातो. आडवे पडताच मनगटाने हलका झटका द्या. रोहूचे ओठ मऊ आणि झालरीसारखे असतात, जोराच्या झटक्याने ते फाटतात.

रॉड आणि रिळाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ओढ्याची कड काठापासून पंधरा फुटांवर असेल तर चांगली बांबूची काठी पुरते. ती कड शंभर फुटांवर गेली असेल, जशी ती उन्हाळ्यात सपाट काठावर जाते, तर रिळाशिवाय तिथे पोहोचता येत नाही आणि तेव्हा ते जरूर घ्यावे. साधे, पण ओढणीचा ताण कमी-जास्त करता येईल असे रीळ, ०.३० मिलिमीटरचे तंगूस आणि ६ किंवा ८ क्रमांकाचा गळ एवढ्यावर पाच किलोचा रोहूही काढता येतो. पैसे वाचवून चांगले गळ घ्या आणि दर वेळी टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहा. टोक नखावर घसरले तर तो गळ बोथट झाला आहे, तो फेकून द्या. कार्बनचा रॉड असेल तर वळवाचे ढग येताच तो खाली ठेवून पाण्यापासून दूर जा, कारण कार्बनमधून वीज वाहते आणि उघड्या काठावर तुमच्या हातातला रॉड हीच सर्वांत उंच वस्तू असते.

मरळीविषयी वेगळे सांगावे लागेल. ती हवेतून श्वास घेऊ शकते, त्यामुळे तापलेल्या, उथळ, गवताळ पाण्यातही राहते आणि तुमच्या बाभळीजवळ आता मिळालीच तर तीच मिळेल. मात्र पृष्ठभागावर तांबड्या-केशरी पिलांचा घोळका फिरताना दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली आईबाप राखण करत असतात, आमिष जवळ आले की भुकेपोटी नव्हे तर पिलांच्या रक्षणासाठी त्यावर झडप घालतात आणि सहज सापडतात. ते काढले की तासाभरात चिलापी आणि इतर मासे त्या पिलांचा फडशा पाडतात. एका माशासाठी शेकडो पिले घालवणे मला कधीही पटलेले नाही.

तीच गोष्ट चढणीच्या माशांची. मृगाचा पाऊस झाला आणि ओढ्यांना लोंढा आला की पोटात अंडी असलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात आणि लोक काठ्या, बुट्ट्या घेऊन धावतात. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहते, नवे पाणी लागते. याच अडचणीवर तोडगा म्हणून हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली १० जुलैला ओडिशातल्या अंगुल येथे माशांना मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून कृत्रिम प्रजनन यशस्वी केले, आणि आज गावतळ्यांत सोडली जाणारी बोटुकली (बोटाएवढी माशांची पिले) त्याच वाटेने आलेली आहेत. जून आणि जुलै हे दोन महिने मी गळ उचलून ठेवतो आणि तुम्हीही ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

बोटुकलीचा उल्लेख आला म्हणून परवानगीचेही सांगतो. गावतळे बहुधा ठेक्याने दिलेले असते आणि त्यातला मासा ही ठेका घेणाऱ्या संस्थेची किंवा माणसाची पिकवलेली मत्ता असते. आधी विचारा. बहुतेक जण काठीवाल्याला नाही म्हणत नाहीत. मोठ्या जलाशयासाठी मत्स्यखात्याच्या तालुका कार्यालयात परवान्याची चौकशी करा. धुपदाळ बंधाऱ्याचा परिसर पक्षी अभयारण्य आहे आणि राकसकोपचे पाणी बेळगाव शहर पिते, तिथे गळ घेऊन जाऊ नये. सुरुंग लावणे किंवा पाण्यात विष कालवणे हा १८९७ च्या मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे. असे कोणी करताना दिसले तर तिथेच वाद न घालता पोलिसांना कळवा. कृष्णेच्या काठावर बसणाऱ्यांनी मगरींचे भान ठेवून पाण्याच्या कडेपासून दोन-तीन हात मागे बसावे.

या आठवड्यात जाणार असाल तर बाभळ सोडून द्या. तिच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला जिथे ओढा जलाशयात उतरतो तिथे जा, आणि दुपारी तीनच्या सुमारास पोहोचा, म्हणजे खोली मोजायला उजेड मिळेल. कड सापडली की मातीचे गोळे टाका आणि वारा सुटेपर्यंत सावलीत बसा. साडेपाच ते अंधार पडेपर्यंत दहा फुटांच्या आसपास पेंडीची गोळी ठेवा. पलीकडच्या काठावर कन्नड बोलणारे जुने लोक बसलेले असतील तर त्यांच्याशी बोला. तेही गळाला 'गाळ'च म्हणतात, आणि त्या ओढ्यात धरणापूर्वी डोह कुठे होता हे त्यांच्यापैकी एखाद्याने लहानपणी पोहून पाहिलेले असते.